सेरेंगेटीचे कुरण

आफ्रिकेचे नाव काढताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सूर्यकिरणही न शिरणारे निबिड अरण्य उभे राहते. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाची ही समजूत फार काळ टिकत नाही. तेथील पशुवैभव झाडीत दडलेले नसून उघड्या माळावर, भर उन्हात चरत असते. मसाई लोकांच्या भाषेतील ज्या शब्दावरून सेरेंगेटी हे नाव आले, त्याचा अर्थच मुळी अंत नसलेले माळरान असा सांगतात.

प्रवासास आरंभ बहुधा अरुशा शहरापासून होतो. तेथून पश्चिमेस मोटारीने गेल्यावर न्गोरोंगोरोचा उंच कडा लागतो. वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी येथील एक प्रचंड ज्वालामुखी आपल्याच पोटात खचला आणि त्या जागी एखाद्या अवाढव्य कढईसारखे विवर उरले. त्याची रुंदी सुमारे १९ किलोमीटर, तर खोली सुमारे ६०० मीटर आहे. तळाच्या गवतात सिंह, तरस, झेब्रे व रानरेडे एकाच दृष्टिक्षेपात दिसू शकतात. दुर्मिळ झालेला काळा गेंडाही नशिबाने दर्शन देतो. खाऱ्या सरोवराच्या काठी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. जिराफ मात्र या तळावर आढळत नाही, आणि हत्ती दिसलेच तर ते बहुतेक नर असतात.

कडा उतरून पुढे गेले की सेरेंगेटीचा माळ सुरू होतो. येथील राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. आज त्याचा विस्तार १४,७०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. येथील खरा धनी सिंह नव्हे, तर विल्डबीस्ट नावाचा एक ओबडधोबड प्राणी होय. कुळाने तो हरणांचा आप्त, परंतु शिंगे व खांदे बैलासारखे आणि दाढी बोकडासारखी! यांची संख्या सुमारे तेरा लाख असून ते वर्षभर पावसामागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात ते दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. ज्वालामुखीच्या राखेने तेथील माती खनिजांनी समृद्ध झाली असल्यामुळे तेथील गवत दुभत्या माद्यांना विशेष मानवते. याच सुमारास काही आठवड्यांत लाखो वासरे जन्मास येतात. माळ सुकला की कळप प्रथम पश्चिमेस व मग उत्तरेस निघतात, जुलैनंतर मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परततात. तेव्हा कोणत्या महिन्यात काय दिसेल हे जाणूनच प्रवाशाने आपला बेत ठरवावा.

हा देखावा अनादि काळापासून असाच चालत आला असावा असे पाहणारास वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांची बुळकांडी पसरली. मसाईंची गुरे पटापट मेली आणि त्यांच्यामागून दुष्काळ आला. तोच रोग विल्डबीस्टांतही शिरला व पुढे अनेक दशके त्यांची वासरे मारीत राहिला. १९६१ च्या गणनेत ते जेमतेम अडीच लाख भरले. मध्यंतरी आसपासच्या गुरांना लस टोचण्यात आली होती. गुरांतून रोग हटताच रानातूनही तो नाहीसा झाला, आणि १९७७ पर्यंत विल्डबीस्टांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. सारांश, टोचली गेली गाय, आणि वाचला रानातला पशू.

परंतु या भरभराटीची किंमत गाईच्या धन्यास मोजावी लागली. विल्डबीस्टांची नवजात वासरे एका वेगळ्याच रोगाचे विष बाळगतात. त्यांना स्वतःला त्याची बाधा होत नाही, परंतु गुरांना तो प्राणघातक ठरतो. म्हणून गवत सर्वांत रसाळ असते नेमक्या त्याच दिवसांत मसाई गुराख्याला आपली गुरे माळापासून दूर हाकावी लागतात.

याहून मोठा त्याग त्याआधीच झाला होता. १९५९ मध्ये सेरेंगेटी उद्यानातून मसाईंना बाहेर जावे लागले. त्या बदली न्गोरोंगोरोचा सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरांचा प्रदेश वेगळा काढण्यात आला; तेथे माणसे, गुरे व वन्यपशू एकत्र नांदावेत अशी योजना होती. १९७४ मध्ये विवराच्या तळावरील वस्त्याही उठविण्यात आल्या. २०२२ पासून तेथील कुटुंबांचे दूरच्या हांडेनी जिल्ह्यात स्थलांतर सुरू झाले. हे स्थलांतर स्वखुशीचे आहे असे सरकार म्हणते. अनेक मसाईंना ते मान्य नाही. माणसे व गुरे वाढली, कुरणावर ताण पडतो, हा सरकारचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हे. तथापि ज्यांनी रानातील पशू मारून खाण्याची चाल ठेवली नाही, त्यांच्याच शेजारी हे कळप टिकून राहिले, हेही विसरता येत नाही.

न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तांबडी वस्त्रे पांघरलेला एखादा गुराखी हातात काठी घेऊन उभा दिसतो. त्याच्या गुरांपलीकडे झेब्रे चरत असतात. बहुतेक मोटारी त्याच्यावरून धूळ उडवीत सिंहाच्या शोधात पुढे धावतात. प्रवाशाने तेथे घटकाभर थांबावे, वाटाड्यामार्फत त्याच्याशी दोन शब्द बोलावे, आणि यंदा पाऊस कसा झाला, एवढे तरी त्याला विचारावे.