विश्लेषण : संगणकाचा पंखा इतका का घोंघावतो? थंडावा आणि शांतता एकत्र साधता येते का?

घरच्या डेस्कटॉपवर व्हिडीओ संपादन किंवा एखादा जड गेम सुरू केला, की काही मिनिटांतच कॅबिनेटमधून घरघर सुरू होते. पंखे मंद करावेत तर आतले भाग तापतात, पळवावेत तर शेजारी बसून अभ्यास करणाऱ्याचे डोके उठते. यावर आणखी पंखे आणणे हाच उपाय आहे का?

हवा नेमकी किती लागते?

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेत बदलते. समजा, संगणक ३०० वॅट वीज घेतो आहे आणि कॅबिनेटमधून तासाला ८५ घनमीटर (पंख्याच्या खोक्यावरील भाषेत ५० सीएफएम) हवा वाहते आहे. अशा वेळी बाहेर पडणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असते. हवा दुप्पट केली तर हा फरक ५ अंशांवर येतो, चौपट केली तर अडीच अंशांवर. म्हणजे सुरुवातीची हवा मोलाची, पुढच्या प्रत्येक वाढीचा फायदा मात्र कमी कमी होत जातो. शिवाय पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असेल, तर त्याखाली तो संगणकाला नेऊ शकत नाही.

आवाजाचे गणित काय?

पंख्याचे फेरे दुप्पट केले की हवाही साधारण दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, हे लक्षात घेतले की हा सौदा किती महाग आहे ते कळते. उलट, तसाच दुसरा पंखा त्याच वेगाने जोडला तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे संथ चालवणे केव्हाही चांगले. तेवढीच हवा १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १४० मिलिमीटरचा पंखा कमी फेऱ्यांत देतो.

बंद कॅबिनेट की जाळीचे?

आत फोम लावलेले, पुढून बंद कॅबिनेट आवाज अडवते, पण हवाही अडवते. मग तेच तापमान राखायला पंखे जोरात फिरतात आणि कमावलेली शांतता तिथेच खर्च होते. जाळीच्या कॅबिनेटमधून आवाज मोकळा बाहेर येतो, मात्र पंखे संथ ठेवता येतात. जास्त वीज खाणारे ग्राफिक्स कार्ड असेल तर जाळीच बरी. साध्या कामाच्या संगणकाला बंद कॅबिनेटही पुरते.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखाल?

जड काम सुरू ठेवून तापमान नोंदवा. मग संगणक बंद करून बाजूचे झाकण काढा आणि तेच काम पुन्हा करून बघा. तापमान बरेच उतरले, तर कॅबिनेटमध्ये हवा नीट खेळत नाही. फारसा फरक पडला नाही, तर प्रोसेसरचा कूलर, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा साचलेली धूळ तपासा.

पैसे न खर्चता काय करता येईल?

अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंश असते. ती गाठली की ते स्वतःच वेग कमी करतात. त्यामुळे जड कामात ७५ अंश दिसले तर घाबरण्याचे कारण नाही आणि ते ६० वर आणण्यासाठी पंखे पळवण्याचेही नाही. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानानुसार ठरवता येतो. तिथे वेग हळूहळू वाढेल आणि क्षणिक उसळीला पंखा काही सेकंद थांबूनच प्रतिसाद देईल, अशी मांडणी करा. सतत चढउतार करणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त खुपतो. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा थोडी उतरवली तर उष्णता मुळातच कमी होते आणि वेगातील घट बहुधा जाणवत नाही.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, मागे हवा निघायला जागा ठेवा. जाळी नियमित झटका. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. एवढे करूनही खडखड येत असेल, तर बेअरिंग झिजलेला तेवढा पंखा बदला. नवे कॅबिनेट घेण्याचा विचार त्यानंतर.