साठ हजारांची पुडी आणि उशिरा आलेला सल्ला

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २७ मे २०२१ रोजी कोविडच्या उपचारांविषयी ज्या सुधारित सूचना काढल्या, त्यांत लक्षणे नसलेल्या आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी ताप व खोकल्यावरील औषधांपलीकडे जवळजवळ काहीच शिल्लक ठेवलेले नव्हते. आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि डॉक्सिसायक्लिन यांच्याबरोबरच जस्ताच्या, म्हणजे लोक ज्यांना झिंकच्या गोळ्या म्हणतात त्यांच्या, आणि बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्याही वगळण्यात आल्या होत्या. मुंबईत पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले होते, आणि दुसऱ्या लाटेतील एका दिवसाचा सर्वोच्च आकडा, ११,१६३ नवे रुग्ण, ४ एप्रिल २०२१ रोजी नोंदला गेला होता. या गोळ्या घ्याव्यात की नाहीत, या घराघरांतल्या प्रश्नाला सरकारकडून नेमके उत्तर मिळेपर्यंत चौदा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता आणि तोवर बहुतेक घरांनी आपापले उत्तर शोधून, विकत घेऊन, संपवलेही होते.

मुंबईतील मालाडमध्ये या विलंबाचा अर्थ काय होता, हे समजण्यासाठी त्या उपनगराची रचना ध्यानात घ्यावी लागते. मुंबई महापालिकेचा पी उत्तर विभाग, ज्याचे कार्यालय लिबर्टी गार्डनपाशी आहे, तो तेव्हा पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला टेकलेल्या कुरार आणि आप्पापाड्यापासून पश्चिमेला मालवणी, मार्वे, आक्सा आणि मढच्या कोळीवाड्यापर्यंत पसरलेला असून २०११च्या जनगणनेनुसारच त्याची लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. जून २०२०मध्ये दक्षिण मुंबईतील रुग्णवाढ मंदावत असताना उत्तरेकडील उपनगरांत ती वेगाने वाढू लागली, आणि २२ जून रोजी महापालिकेने मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, भांडुप व मुलुंड यांच्यासाठी ‘मिशन झिरो’ नावाचा शीघ्र कृती आराखडा हाती घेऊन फिरते ताप दवाखाने वस्त्यांत पाठवले. रुग्ण शोधणे, त्यांच्या संपर्कातील माणसे वेगळी करणे आणि खाटा मिळवून देणे या कामांत विभागाची वॉर रूम गुंतलेली होती, आणि ते योग्यच होते. परंतु आजारी नसलेल्या, घरात बसलेल्या आणि घाबरलेल्या लाखो माणसांनी आपल्या शरीरासाठी काय करावे, याचे उत्तर या यंत्रणेत कोणाकडेही लिहून दिलेले नव्हते. ते उत्तर मग औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर मिळू लागले. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांची चणचण भासू लागली, झिंकच्या पाकिटांची मागणी अनेक पटींनी वाढली, आणि ड जीवनसत्त्वाची ‘साठ हजारांची पुडी’, म्हणजे साठ हजार एककांची पुडी, हा शब्दप्रयोग, जो एरवी हाडांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनाच ठाऊक असे, तो सोसायट्यांच्या आणि चाळींच्या बोलण्यात रुळला.

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागणारे, पण शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही असे पोषकद्रव्य. त्याची उणीव असेल तर ती भरून काढल्याने चमत्कार वाटावा असा फरक पडतो. उणीव नसेल तर जादा मात्रेने सहसा काहीच साधत नाही. यांपैकी पहिल्या गोष्टीचा जुना पुरावा मुंबईतच मिळाला होता. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधक १९२८ साली मुंबईत आल्या, गिरणीकामगार आणि गरीब वस्त्यांतील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या घातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला, आणि यीस्टचा अर्क दिल्याने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील नेमका घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे दहा वर्षांनी वेगळे काढता आले. या कामाला ज्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे अर्थसाहाय्य होते, तिचेच रूपांतर १९४९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत, म्हणजे आयसीएमआरमध्ये झाले. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या गरोदर स्त्रियांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७०च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे शोध आणि सरकारी सल्ला यांच्यात चार दशकांचे अंतर पडले. महामारीत एवढा अवधी कोणापाशीच नसतो.

कोविडच्या बाबतीत पुरावा कसा जमत गेला, हे पाहिले तर सरकारी विलंबाचा कोणता भाग क्षम्य आणि कोणता नाही, हे वेगळे करता येते. आरंभी जे अभ्यास पुढे आले ते निरीक्षणात्मक होते. म्हणजे गंभीर रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते, एवढेच ते सांगत. परंतु वृद्ध, स्थूल आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांतही ते कमीच असते, आणि आजारामुळेही त्याची पातळी घसरू शकते, त्यामुळे कमतरता हे कारण आहे की केवळ सोबतीण, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून एकाला औषध आणि दुसऱ्याला औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देणारी चाचणी लागते. स्पेनमधील कोर्दोबा येथील ७६ रुग्णांच्या चाचणीत ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार मिळालेल्या ५० जणांपैकी एकच अतिदक्षता विभागात गेला, तर न मिळालेल्या २६ पैकी १३ गेले, आणि २०२०च्या उत्तरार्धात ही बातमी जगभर पसरली. मात्र रुग्ण थोडे होते, दोन्ही गट पुरेसे सारखे नव्हते आणि कोणाला औषध मिळते आहे हे डॉक्टरांना माहीत होते. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज साठ हजार एककांची मात्रा सात दिवस दिलेल्यांपैकी अधिक जणांची तपासणी तीन आठवड्यांत निगेटिव्ह आली. आशेला जागा होती, यात शंका नाही, आणि त्या आशेवर विसंबणारा मालाडचा ग्राहक भोळसट नव्हता.

परंतु फेब्रुवारी २०२१मध्ये चित्र बरेच स्पष्ट झाले. ब्राझीलमधील २४० रुग्णांच्या चाचणीत ड जीवनसत्त्वाची दोन लाख एककांची एक मात्रा देऊनही रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही, आणि अमेरिकेत क्लीव्हलँड येथे २१४ रुग्णांवर झालेली क जीवनसत्त्व व जस्त यांची चाचणी फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे २०२२मध्ये ब्रिटनमधील ६,२०० प्रौढांच्या चाचणीतही ड जीवनसत्त्वाने संसर्ग टळत नाही, असेच आढळले. ज्या फेब्रुवारीत ही उत्तरे हाती आली, त्याच महिन्यात महाराष्ट्रात दुसरी लाट डोके वर काढत होती. तेव्हापासून २७ मेपर्यंतचे जे तीन-साडेतीन महिने गेले, ते विज्ञानाच्या संथपणामुळे नव्हे, तर कागद पुढे न सरकल्यामुळे गेले, आणि या विलंबाविषयीच्या लोकांच्या नाराजीचा खरा गाभा इथे आहे. त्यातही एकवाक्यता नव्हतीच: आयसीएमआरच्या १७ मे २०२१च्या तक्त्यात आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देता येतील असे लिहिलेले होते आणि दहा दिवसांनी महासंचालनालयाच्या सूचनेतून ती नाहीशी झाली, तेव्हा एकाच आरोग्य मंत्रालयाच्या छताखालील दोन कागदांपैकी कोणता प्रमाण मानावा, हे गल्लीतल्या डॉक्टरालाच ठरवावे लागले.

सरकार सर्वच बाबतींत संथ होते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल, आणि नेमकी हीच गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचे औषध प्रतिबंधासाठी सुचवले ते २९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे देशातला पहिला रुग्ण केरळमध्ये सापडण्याच्या आदल्या दिवशी. ३१ मार्चला कोमट पाणी, हळदीचे दूध, काढा आणि सकाळी चमचाभर च्यवनप्राश यांची सूचना आली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आरोग्यसेवकांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी प्रतिबंधासाठी घ्यावे, हा सल्ला मार्च २०२०मध्येच निघाला. मे आणि जूनमध्ये मुंबईभर सोसायट्यांत व वस्त्यांत आर्सेनिकमच्या लहान बाटल्या वाटल्या जात होत्या. जून २०२०मध्ये कोविड बरा करण्याचा दावा करणारे ‘कोरोनिल’ बाजारात आले तेव्हा महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी राज्यात त्याची विक्री होऊ दिली जाणार नाही, असे एक-दोन दिवसांतच जाहीर केले. ज्यांचा पुरावा अत्यंत क्षीण होता त्या उपायांसाठी सरकारजवळ तत्काळ शब्द होते, दाव्याला रोखण्यासाठीही होते. शब्द सुचले नाहीत ते फक्त ज्या गोळ्या माणसे प्रत्यक्ष रोज गिळत होती त्यांच्याविषयी. ‘अजून ठाऊक नाही, कळेल तेव्हा सांगू, तोवर इतकेच घ्या आणि याहून अधिक घेऊ नका’ एवढे वाक्य मार्च २०२०मध्येही लिहिता आले असते.

या वाक्यातील ‘इतकेच’ कोणते, हेही नव्याने शोधायचे नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २५ ते ३५ वर्षे वयाच्या निरोगी तरुण-तरुणींपैकी सुमारे ७० टक्के जणांत ड जीवनसत्त्व कमी आढळले होते, म्हणजे उन्हाच्या देशात उन्हातून मिळणाऱ्या द्रव्याचाच तुटवडा होता. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेवर पडले की शरीर हे द्रव्य बनवते, आणि ते किरण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत प्रभावी असतात. पण मालाडचा नोकरदार उजाडता लोकल पकडतो आणि दिवस कार्यालयाच्या दिव्यांखाली घालवतो, बैठ्या चाळींच्या अरुंद बोळांत भर दुपारीही सावली असते, आणि पावसाळ्याचे चार महिने ढग हटत नाहीत. त्यात मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी आली ती नेमकी उन्हाच्या तोंडावर, आणि उद्याने, चौपाट्या व मैदाने बंद झाली. ब्रिटनमध्ये याच कारणास्तव, लोक घरात कोंडले गेले म्हणून, रोज ४०० एकके ड जीवनसत्त्व घेण्याचा हिवाळ्यापुरता असलेला सल्ला एप्रिल २०२०मध्येच उन्हाळ्यालाही लागू करण्यात आला. कोविड त्याने टळतो, असा दावा न करता, केवळ हाडे आणि स्नायूंसाठी. तेथेही अधिक करावे अशी मागणी करणाऱ्या खासदारांची नाराजी होतीच, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने सर्वाधिक जोखमीच्या २७ लाख लोकांना गोळ्या मोफत देण्याचे जाहीर केले. भारतात आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०च्या आहारविषयक शिफारशींत ड जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज ६०० एकके ठरवली, परंतु ती पोषणतज्ज्ञांच्या ग्रंथात राहिली. साठ हजारांची पुडी ही त्या दैनंदिन गरजेच्या शंभरपट असते आणि ती सिद्ध झालेल्या कमतरतेवर आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते, हे पुडी विकत घेणाऱ्याला कोणी सांगायचे? हे जीवनसत्त्व चरबीत साठते. ते महिनोन्‌महिने वाढत गेले तर रक्तातील कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, म्हणून त्याचे दुष्परिणाम सौम्य, तरी मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मुतखड्याचा धोका असतो, आणि त्याची दिवसाची गरज तर एका पेरूतही भागते.

जीवनसत्त्वांवर एवढी भिस्त ठेवण्यामागे आणखी एक कटू कारण होते. जुलै २०२०मध्ये दहिसरसह शहरातील तीन विभागांत झालेल्या रक्तचाचणी पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांच्या शरीरात संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. हा फरक कोणत्या गोळीचा नव्हता, तो एका खोलीत किती माणसे झोपतात आणि एक शौचालय किती कुटुंबे वापरतात याचा होता. खोली मोठी करणे कुरारमधील कुटुंबाच्या हाती नव्हते, गोळीचे पाकीट घेणे होते, आणि रोजगार थांबलेला असताना त्या पाकिटाचे पैसे अंडी, डाळ आणि फळांच्या पैशांतून जात होते.

सल्ला पोहोचवण्याचा रस्ता नव्हता, असेही नाही. सरकारी कार्यक्रमानुसार नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना अ जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा दर सहा महिन्यांनी देण्याचे काम आरोग्यसेविका आणि अंगणवाड्या कित्येक वर्षे करत आल्या आहेत, आणि किती, कधी, का हे प्रत्येक आईला तोंडी सांगत आल्या आहेत. १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके राज्यातील घरोघरी दोनदा गेली, प्रत्येकाचा ताप आणि रक्तातील प्राणवायू त्यांनी मोजला, मधुमेह व रक्तदाब यांची विचारपूस करून नोंद घेतली. मालवणीतल्या एखाद्या दारात उभ्या राहिलेल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या हातात त्या दिवशी पुडीविषयीच्या चार ओळी छापलेला कागद असता, तर तो वाचून दाखवायला तिला एक मिनिटही लागले नसते.