समुद्रतळाशी जोडणारी नाळ

खोल समुद्रात उतरणाऱ्या मानवरहित यानाचं चित्र पाहताना नजर जाते ती त्याच्या दिव्यांवर आणि यांत्रिक हातांवर. पाठीतून निघून वर जहाजापर्यंत गेलेल्या केबलकडे फारसं कोणी बघत नाही. मला तर या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत अवघड भाग तोच वाटतो. गैरसमजही त्याच्याचबद्दल जास्त.

'सगळं बिनतारी झालं, मग केबल कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. पण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरून जातात. ध्वनी लांबवर जातो, पण सेकंदाला साधारण दीड किलोमीटर. 6,000 मीटर खालच्या यानाला 'थांब' सांगितलं, तर निरोप पोचायला चार सेकंद आणि उत्तर यायला आणखी चार. स्वच्छ, सलग चित्रीकरण तर ध्वनीतून पाठवताच येत नाही. म्हणून तांब्याच्या तारांतून वीज खाली जाते आणि ऑप्टिकल फायबरमधून चित्रं वर येतात.

दाबाने केबल चिरडत असेल, असंही अनेकांना वाटतं. 6,000 मीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे 600 पट असतो हे खरं. पण तो चहूबाजूंनी सारखा असतो, आणि भरीव वस्तूत दबण्यासारखं फारसं काही नसतं. घात करते ती आत राहिलेली पोकळी, म्हणून तारांमधल्या फटी बनवतानाच भरून काढतात. दाबाची खरी चिंता टोकाच्या जोडांपाशी असते.

केबलचा मोठा शत्रू म्हणजे तिचं स्वतःचं वजन. सुमारे 17 मिलिमीटर जाडीची, पोलादी तारांचं चिलखत असलेली केबल मीटरला साधारण एक किलो भरते. ती सहा किलोमीटर सोडली, तर पाण्यातही पाच टनांच्या आसपास भार होतो, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो तळाशी नव्हे, तर जहाजावरच्या कप्पीपाशी. मग जाड करा की! पण जाडी वाढवून ताकद वाढवली की वजनही त्याच पटीत वाढतं, हाती काहीच लागत नाही. म्हणून सर्वांत खोल जाण्यासाठी पाण्यात अगदी हलका ठरणारा अरामिड धागा वापरतात. जपानच्या 'काइको' यानाची 12 किलोमीटरची मुख्य केबल अशीच होती. 1995 मध्ये ते मारियाना गर्तेत जवळपास 10,911 मीटरवर पोचलं.

त्यात जहाज लाटांवर हलत असतं. ते खाली गेलं की केबल सैल पडते, वर उचललं गेलं की हिसका बसतो. विहिरीवर पोहरा सोडलेल्यांना आठवेल, पीळदार दोर सैल पडला की त्याला वेढे पडतात. इथे तसा वेढा पडून पुन्हा ताण आला, तर आतलं काचेचं फायबर तुटू शकतं. म्हणून चिलखताच्या तारांचे दोन थर उलटसुलट पिळाने गुंडाळतात, म्हणजे एकाचा पीळ दुसरा मारतो. तांब्याचं दुखणं वेगळंच. प्रमाणाबाहेर ताणलं की ते लांब होतं, ताण सुटला तरी आखडत नाही, आणि जादा लांबी आतल्या आत वळ्या घालते.

लांब केबलच आधी तुटते, हेही खरं नाही. काइकोची मुख्य केबल एका लाँचरपर्यंत यायची आणि तिथून सुमारे 250 मीटरची दुसरी केबल यानापर्यंत, जेणेकरून जहाजाचे हेलकावे यानाला जाणवू नयेत. मे 2003 मध्ये शिकोकूजवळ तुटली ती ही आखूड केबल. शोध घेऊनही यान मिळालं नाही.

भारताचं रोसब 6000 हे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं यानही केबलवरच चालतं. 2010 मध्ये ते हिंदी महासागरात 5,289 मीटरपर्यंत उतरलं.

आणि केबल म्हणजे यान ओढून वर काढायचा दोर, असंही नेहमीच नसतं. अमेरिकेच्या 'नेरियस'ने वीज बॅटरीतून घेतली आणि जहाजाशी संपर्कापुरतं केसासारखं बारीक फायबर ठेवलं. 2009 मध्ये ते 10,902 मीटरवर गेलं. ते फायबर तुटलं, तरी यानाने वजनं टाकून आपलं आपण वर यावं, अशी त्याची रचनाच होती.