लागणे : एका क्रियापदाचा खानदेशी पसारा

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. अलीकडच्या फेरतपासणीत 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका क्रियापदावर नऊ महिने बसले आणि त्यांनी 645 अर्थ वेगळे केले. ही बातमी आपल्याकडे फार कौतुकाने छापली गेली. कौतुक रास्तच आहे. पण ते वाचून 'इंग्रजी किती समृद्ध' असं म्हणत मान डोलावणाऱ्यांनी घरातल्या 'लागणे'कडे एकदा तरी पाहायला हवं होतं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, दूध तळाला लागतं, आषाढ लागतो, वाटेत नदी लागते आणि समोरचा माणूस आपला कोणीतरी लागतो. खानदेशात तर या क्रियापदाचा पसारा आणखी वाढतो, आणि तो अजून कुणी नीट आवरून ठेवलेला नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : क्रियापदाचा अर्थ त्याच्या मुळात शोधायचा नसतो, ते कुणाच्या सोबत बसतं तिथे शोधायचा असतो. ही सोबत टिपण्याचं काम जळगाव-धुळ्याच्या बोलीत पडून राहिलं आहे.

कोशांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून झरझर पुढे जातो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938, सात विभाग, आणि 1950 ची पुरवणी. दादोबांचं व्याकरण 1836 चं, दामल्यांचं 1911 चं. मोल्सवर्थने 'लागणे'ला सढळ हाताने जागा दिली, दाते-कर्व्यांनी तीत भर घातली. ही कामं मोठी आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मला थांबायचं आहे ते धुळ्याला. भारत इतिहास संशोधक मंडळाशी बिनसल्यावर वि. का. राजवाड्यांनी पुणं सोडलं आणि अखेरीस पांझरेकाठी मुक्काम केला. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच गेले. लगेच 1927 मध्ये इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांची दप्तरं, टिपणं, कागद यांना हक्काचं घर मिळालं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड सगळ्यांना माहीत असतात. त्या माणसाने मराठी क्रियापदांचा एक संपूर्ण धातुकोश रचून ठेवला होता, हे मात्र मराठीत एम.ए. झालेल्यांनाही सांगावं लागतं. कृ. पां. कुलकर्ण्यांनी तो संपादित केला आणि 1937 साली मंडळाने धुळ्यातूनच प्रसिद्ध केला. क्रियापदांसाठी एवढा स्वतंत्र, एवढ्या ईर्ष्येचा कोश मराठीत झाला आणि तो धुळ्यातून निघाला, याचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला आहे. पुढे याच कुलकर्ण्यांनी 1946 मध्ये मराठी व्युत्पत्तिकोश दिला आणि 1952 चं साहित्य संमेलन अमळनेरला भरलं तेव्हा अध्यक्षही तेच होते. तो दुवा खानदेशाच्याच मातीत पुरा झाला.

तरुणपणी मंडळाच्या वाचनालयात बसून मी तो धातुकोश पहिल्यांदा उघडला. राजवाड्यांची पद्धत पहिल्या काही पानांतच माणसाला पकडते. मराठीत दिसायला एक असलेलं क्रियापद ते सोलून काढतात आणि म्हणतात, हे एक नव्हे. याच्या पोटात दोन-तीन वेगवेगळे संस्कृत धातू घासून घासून एकरूप झाले आहेत. पाणिनीला पचवलेला आणि तरी पाणिनीशीही दोन हात करायला तयार असलेला माणूस असं करू शकतो. कुठे त्यांची व्युत्पत्ती ताणलेली वाटते, कुठे ती थेट विजेसारखी पडते. पण मराठी धातू हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, नामांच्या पंगतीत शेवटी बसवायचा पाहुणा नव्हे, हे त्यांनी ठासून सांगितलं. मी ज्या वाटेने गेलो ती त्यांनी घालून दिलेली आहे.

तरीही 'लागणे'च्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. इथे मूळ सरळ आहे : संस्कृत 'लग्', चिकटणे, स्पर्श होणे. 'लग्न' हा शब्द त्याच धातूचा, म्हणून 'लग्न लागणे' यात एकच धातू दोनदा येतो. हिंदीत 'लगना' आणि गुजरातीत 'लागवुं' त्याच कुळातले. मुळाचा प्रश्न संपतो तिथे खरा प्रश्न सुरू होतो. चिकटण्यापासून 'मला जावं लागलं'पर्यंत हा धातू कोणत्या वाटेने पोचला?

'लागणे' हे कर्त्याला बाजूला सारणारं क्रियापद आहे. भूक लागते, ऊन लागतं, वेड लागतं तेव्हा माणूस काही करत नाही. त्याला येऊन काहीतरी भिडतं. म्हणून माणूस 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो आणि कर्तेपण भुकेकडे, उन्हाकडे जातं. 'त्याला जावं लागलं' ही सक्ती त्याच घरातली : जाणं त्याच्यावर येऊन पडलं. पण प्रत्यय बदला. 'तो जाऊ लागला' म्हणा. लगेच माणूस पुन्हा कर्ता होतो, सक्ती नाहीशी होते आणि आरंभ उरतो. एकच क्रियापद, आधी 'वं' आलं की बंधन, 'ऊ' आलं की सुरुवात. 'नोकरी लागली' आणि 'नोकरीला लागला' यांतही हाच पालट आहे : पहिल्यात नोकरी माणसाकडे आली, दुसऱ्यात माणूस नोकरीकडे गेला. शाळेत हे कुणी शिकवत नाही. सहायक क्रियापदांच्या यादीत 'लागणे' टाकून देतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. काही अभ्यासक तर याला आळशी क्रियापद म्हणतात. नेमका शब्द सापडला नाही की मराठी माणूस 'लागणे' वापरतो, असं त्यांचं मत. मला ते अजिबात मान्य नाही. 'गाडी फलाटाला लागली' आणि 'त्याला गाडी लागते' यांतला फरक आमच्या भुसावळच्या स्टेशनवरचं शेंबडं पोरही चुकत नाही. ज्या क्रियापदाच्या बाबतीत कुणीच गोंधळत नाही, त्याला आळशी कसं म्हणायचं?

आता अहिराणी, खानदेशाची बोली. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, 1907 साली, खानदेशीला भिल्ल बोलींच्या सोबत आणि गुजरातीच्या अंगाने बसवलं. मराठीचा खंड वेगळा होता. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो ती गुजरातीची, दुसरा म्हणतो ती मराठीची. दोन्ही बाजूंचे विद्वान नामांचे तक्ते मांडून भांडतात. त्या वादाला मी इथे जास्त जागा देणार नाही. अनेक दिवाळी अंकांची पानं त्यात गेली आहेत. 2011 च्या जनगणनेत खानदेशी नोंदवणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते. ती माणसं रोज काय बोलतात ते ऐकावं.

'माले भूक लागनी.' 'तीस (तहान) लागनी.' 'तो तुना कोन लागस?' 'पोऱ्या रडाले लागना.' भूतकाळाचा हा 'ना-नी-नं' आणि वर्तमानाचा हा 'स' तापीखोऱ्याबाहेरच्या कानाला परका वाटतो. पण 'माले' आणि 'लागनी' यांची जोडी पाहा : माणूस चतुर्थीत, भूक कर्ती. प्रमाण मराठीत जी बैठक आहे तीच. आरंभासाठी प्रमाण मराठी 'रडू' म्हणते, अहिराणी 'रडाले', आणि क्रियापद तेच राहतं. सक्तीच्या जागी मात्र इकडे 'माले जानं पडनं' असा 'पडणे'चा प्रयोगही कानावर येतो, म्हणजे तेवढं एक काम 'लागणे'कडून काही ठिकाणी काढून घेतलं गेलं आहे. जळगाव, यावल, रावेरच्या बाजूला लेवा बोलीत 'माले'च्या जागी 'मले' ऐकू येतं. गावागणिक 'लागणे' आणि 'पडणे' यांची ही वाटणी कशी बदलते याचा नकाशा काढला, तर वरच्या दोन्ही तटांना बोलायला काही ठोस मिळेल.

अहिराणीच्या अभ्यासात डॉ. रमेश सूर्यवंशींचा शब्दकोश हा मोठा टप्पा आहे, आणि गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातल्या महाराष्ट्राच्या खंडात बोलींना जागा मिळाली हेही चांगलं झालं. पण नवे संग्रह काढणारे बहुतेक जण नामांवर थांबतात : भांड्यांची नावं, दागिन्यांची नावं, औतांची नावं. भांडी गेली की ती नावं जातात. क्रियापदं तशी जात नाहीत, ती नव्या वस्तूला धरून पुढे चालतात.

याचा पुरावा हवा असेल तर शेतावर चला. विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग पाषाण लागतो, नशीब असलं तर झरा लागतो. पाणाड्या नारळ हातावर धरून शिवारभर फिरायचा, त्याने दाखवलेल्या जागी खणायला घ्यायचे, आणि एक दिवस विहिरीतून हाक यायची, 'आप्पा, पानी लागनं!' आता यंत्राने बोअर घेतात, पाणाड्याच्या जागी मोबाइल घेतलेला ठेकेदार उभा असतो, तरी पाणी 'लागतं'च. ते 'मिळालं' असं अजून कुणी म्हणत नाही. कापसाला पाते लागतात, बोंडं लागतात, आणि नंतर अळीही लागते. वर आलेलं बोंड आणि त्यात शिरलेली अळी, दोघांनाही हे क्रियापद सारख्याच आपुलकीने घेतं. भरिताची वांगी भाजायला पऱ्हाटीचीच आग लागते. इथे 'लागते' म्हणजे हवी असते, पेट घेते असं नव्हे. आणि असोद्याच्या बाईला हे समजावून सांगायची गरज नसते.

केळीचं मात्र वेगळं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आंब्याला फळ लागतं, पपईला लागतं. केळीला घड 'लागला' असं रावेर-यावलचा जुना बागायतदार सहसा म्हणत नाही. केळी 'निसवते'. मृगबाग असो की कांदेबाग, निसवण झाली का, एवढंच विचारतात. आणि 'लागण' हे नाम त्याच बागेत दोन टोकांना उभं असतं : बाग लावली ती लागण, आणि पानांवर मोझॅकचे पट्टे आले तीही रोगाची लागण. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीभोवतीच्या क्रियापदांची नोंद कुणी केली का, असं मी मागे एका चर्चासत्रात विचारलं होतं. व्यासपीठावरून उत्तर आलं नाही.

आणि ऊन. चैत्र संपायच्या आत जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. 'ऊन लागलं' हे इथे नुसतं वर्णन नाही, तो आजार आहे. त्याला कांदा, कैरीचं पन्हं, डोक्याला ओला रुमाल हे उपचार. 'उन्हाळी लागणे' त्याहून वेगळं : लघवीला होणारी जळजळ. धने-जिऱ्याचं पाणी द्यायचं ते त्यावर. बाहेरून बदलून आलेल्या एका तरुण डॉक्टरांना हा फरक माहीत नव्हता. म्हातारी 'उन्हाळी लागनी' म्हणत राहिली आणि त्यांनी उष्माघात समजून सलाईन लावलं. क्रियापद तेच, नाम जवळजवळ तेच, आणि दुखणं शरीराच्या दुसऱ्याच ठिकाणी.

बहिणाबाईंचं नाव घेतल्याशिवाय खानदेशच्या बोलीवर लिहिता येत नाही. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव 2018 मध्ये मिळालं. तिच्या उपमांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिची क्रियापदं मोठी वाटतात. तिच्या गाण्यात विशेषणं थोडी, घडणं फार. तिच्या क्रियापदांची सूची हा एका प्रबंधाचा सरळसरळ विषय आहे, आणि तो मी ज्या ज्या विद्यार्थ्याला सुचवला त्याने शेवटी 'स्त्रीजाणिवा' घेतला.

आता काय चाललंय ते लिहिताना मला खरंच दुःख होतं. शहरातली मुलं एकामागून एक क्रियापदं सोडून देताहेत आणि सगळा भार 'करणे' व 'होणे' या दोघांवर टाकताहेत. लाइट ऑन होतो, दिवा लागत नाही. दार लॉक होतं. रिझल्ट डिक्लेअर होतो. मुलं वाईट फील करतात. मनाला लागत नाही. परके शब्द आले याचं मला वावडं नाही. 1936 च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते होते. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मी त्या पंथातला नाही. 'बोअर' परका आहे, पण 'बोअरला पाणी लागलं' हे अस्सल मराठी आहे. नाम उसनं घेतलं तर घर भरतं. क्रियापद उसनं घेतलं, की 'मला' म्हणत बाजूला उभं राहून सुखदुःख अंगावर घेण्याची मराठीची जी रीत आहे तीच जाते. 'फील करणाऱ्या' मुलाला भूकही आता आपण केल्यासारखी वाटायला लागेल. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ठिकठिकाणी फलक लागले. त्या निमित्ताने आलेला पैसा पुन्हा उत्सवांतच जाणार असेल, तर हे काम कोण करणार?

काम अवघड नाही. अमळनेर, पारोळा, शिरपूर, चोपडा, साक्री, रावेर इथल्या प्रत्येक शाळेतल्या आठवीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची 'लागणे'ची वाक्यं चिठ्ठीवर आणायची. चिठ्ठीवर अर्थ लिहायचा नाही. वाक्य जसं ऐकलं तसं, बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष, वय, गाव, आणि बोलणं कशाबद्दल चाललं होतं, एवढंच. अर्थ नंतर लावू. चिठ्ठ्या ठेवायला राजवाडे मंडळासारखी जागा धुळ्यात आहे. आणि सुरुवात 'लागणे'पासून केली, तर 'पडणे', 'बसणे', 'येणे' मागोमाग येतीलच, कारण आमच्याकडे थंडी पडते, विश्वास बसतो आणि राग येतो.