हैदराबाद परिसरातील पक्ष्यांच्या विणीच्या नोंदी : स्वयंसेवी निरीक्षकांचे कार्य

प्रस्तावना :
एखाद्या तळ्याकाठी टिटवी दरवर्षी दिसते, एवढ्यावरून तेथील टिटव्या सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ही अंडी दरवर्षी वाहनांखाली किंवा भरावाच्या मातीखाली गेली, तरी प्रौढ पक्षी काही वर्षे तेथे दिसतच राहतात. पक्ष्यांच्या यादीत फरक पडत नाही आणि ऱ्हास लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पक्षी कोठे दिसतो याबरोबरच तो कोठे वीण करतो याची नोंद आवश्यक ठरते. हे काम स्वयंसेवक कसे करतात व त्यांच्या नोंदी कशामुळे विश्वसनीय ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :
हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केले. मराठवाड्याचे जिल्हेही तेव्हा याच संस्थानात होते. संस्थानाने फिरतीचा खर्च द्यावा, आपण मोबदला घेणार नाही, अशी त्यांची तयारी होती. या सर्वेक्षणाचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८० मध्ये शहरात पक्षीनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली; ती आज ‘डेक्कन बर्डर्स’ या नावाने ओळखली जाते. ही संस्था, ‘हैदराबाद बर्डिंग पाल्स’ आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २०२५ मध्ये शहराच्या पक्षी-नकाशाचे काम हाती घेतले. त्यापूर्वी केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात शेकडो स्वयंसेवकांनी संपूर्ण राज्याचा असा नकाशा तयार केला होता. मात्र असे नकाशे प्रामुख्याने पक्ष्यांचा आढळ दाखवितात. विणीची माहिती मिळविण्यासाठी निरीक्षकाला आणखी एक पाऊल पुढे जावे लागते.

पुराव्याच्या पायऱ्या :
ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९६८ ते १९७२ या काळात १० किलोमीटरच्या चौकटी पाडून विणीच्या पक्ष्यांचा नकाशा तयार करण्यात आला. तेव्हा वापरलेले वर्गीकरण थोड्याफार फरकाने आजही सर्वत्र प्रचलित आहे :
१) शक्य वीण – विणीच्या हंगामात, योग्य अधिवासात पक्षी दिसणे किंवा नर गाताना आढळणे.
२) संभाव्य वीण – जोडी दिसणे, प्रणयाराधन, हद्दीचे रक्षण.
३) निश्चित वीण – अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे, पिल्लांसाठी चोचीत अन्न नेणारा पक्षी, नुकतीच उडू लागलेली पिल्ले.

निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे, हा यातील मूळ नियम होय. सुगरणीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. घरटी नर विणतो. मादीने पसंत न केलेली घरटी अर्धवटच राहतात. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीम येथे केलेल्या निरीक्षणांतून ही गोष्ट पुढे आली. त्यामुळे बाभळीवर वीस घरटी लटकताना दिसली, तरी वीस जोड्यांची वीण झाली असे लिहिता येत नाही.

काळ आणि स्थळ :
एकाच भेटीत सर्व पक्ष्यांची वीण नोंदविता येत नाही. दख्खनच्या खडकांच्या कपारीत अंडी घालणाऱ्या शृंगी घुबडाची वीण हिवाळ्यात सुरू होते, टिटवीची उन्हाळ्यात, तर सुगरण व टिबुकली प्रामुख्याने पावसाळ्यावर अवलंबून असतात. म्हणून तेच ठिकाण वर्षातून अनेकदा पाहावे लागते. काहीही न आढळल्यास तेही, तारीख आणि घालविलेल्या वेळेसह, लिहावे लागते. अन्यथा पक्षी नव्हता की कोणी पाहिलेच नाही, हे पुढील अभ्यासकास कळत नाही.

निरीक्षकाची जबाबदारी :
नोंदीपेक्षा पक्षी महत्त्वाचा आहे. माणूस घरट्याजवळ गेल्यास पक्षी उठून जातो. अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना जागा कळते. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाही आहे. म्हणून निरीक्षण दुरूनच करावे, घरट्याचे छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा आणि घुबडासारख्या पक्ष्यांच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये. चोचीत अळी घेऊन जाणारा दयाळ दुरून दिसला, तरी वीण निश्चित ठरते. त्यासाठी घरट्यात डोकावण्याची गरज नसते.

निष्कर्ष :
हैदराबादमध्ये तळ्यांचे काठ आणि खडकाळ माळ बांधकामाखाली जात आहेत. २०१६ मध्ये जैवविविधता वारसास्थळ घोषित झालेल्या अमीनपूर तळ्याभोवतीही वस्ती दाटली आहे. एखाद्या जागेच्या संरक्षणाची मागणी करताना ‘येथे पक्षी येतात’ यापेक्षा ‘येथे अमुक पक्ष्यांनी सलग इतकी वर्षे पिल्ले वाढविली’ हे विधान अधिक भक्कम ठरते. असे विधान करण्यासाठी लागणारी माहिती एकट्या संशोधकाला गोळा करता येणार नाही. महाविद्यालयाच्या आवारातील एका झाडाकडे वर्षभर नियमित लक्ष देणारा विद्यार्थीही या कार्यात मोलाची भर घालू शकतो.