आपला सर्व्हर, आपल्या गावात – लेखांक ६ : कंटेनरचा कारभार ब्राउझरमधून

गेल्या आठवड्यात आपण उबुंटूवर कंटेनर चालवणारं डॉकर बसवलं आणि किविक्सच्या कंटेनरमधून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय उघडला. बसवणारा माणूस समोर आहे तोवर काळ्या पडद्यावरच्या आज्ञा पुरतात. पंचाईत होते तो घरी गेल्यावर. समजा, हा संगणक कसाऱ्याजवळच्या एखाद्या आश्रमशाळेत आहे आणि बसवून देणारा कल्याणला राहतो. विकिपीडिया उघडेना म्हणून सरांनी फोन केला, तर त्यांना फोनवरून आज्ञा एकेक अक्षर सांगायची की कसारा लोकल पकडून अर्धा दिवस घालवायचा?

ही अडचण हवेतली नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडलेलं जीस्टुडिओ हे शिक्षणाचं सॉफ्टवेअर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘क्लिक्स’ उपक्रमातून राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांत गेलं, ते शाळेतल्याच सर्व्हरवर, डॉकरमधून. अशा ठिकाणी बसवणारा कायम समोर नसतोच.

आधी एक उजळणी. एकेक प्रोग्राम म्हणजे रेल्वेचा एकेक डबा समजा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्येक डब्याला स्वतंत्र इंजिन. कंटेनरचं तसं नाही. डबे वेगवेगळे, पण ओढणारं इंजिन, म्हणजे लिनक्सचा कर्नल, सगळ्यांचं एकच. म्हणून जुन्या, चार जीबीच्या संगणकावरही तीन-चार कंटेनर सुखाने नांदतात.

या कंटेनरांवर ब्राउझरमधून नजर ठेवायला आपण पोर्टेनरची मोफत, कम्युनिटी आवृत्ती घेऊ. गंमत म्हणजे पोर्टेनर स्वतःही एक कंटेनरच. तो सुरू करताना चार गोष्टी सांगायच्या. पहिली, ९४४३ हे पोर्ट. दुसरी, ‘पोर्टेनर-डेटा’ नावाचा व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची साठवण. तो विसरलात तर नवी आवृत्ती टाकताना जुना कंटेनर काढाल आणि सगळे युजर, पासवर्ड त्याच्याबरोबर जातील. तिसरी, ‘रीस्टार्ट ऑलवेज’. पावसाळ्यात गावात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ती आल्यावर कंटेनर आपोआप उठले पाहिजेत. चौथी गोष्ट डॉकरचं सॉकेट. तिच्याकडे जरा थांबून येऊ.

कंटेनर उठला की शाळेच्या वायफायवरच्या लॅपटॉपमध्ये एचटीटीपीएस लावून सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे ९४४३ टाका. ब्राउझर धोक्याची सूचना दाखवेल. प्रमाणपत्र पोर्टेनरने स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून. इथे पुढे जायला हरकत नाही. मग ॲडमिनचा किमान बारा अक्षरी पासवर्ड ठरवायचा, आणि तोही लगेच. पाच मिनिटांत खातं उघडलं नाही तर पोर्टेनर दार लावून घेतो आणि कंटेनर पुन्हा सुरू करावा लागतो. त्रासदायक वाटतं, पण योग्यच आहे. नाहीतर नेटवर्कवरचा पहिला येईल तो मालक झाला असता.

आता सॉकेट. व्हार-रन या फोल्डरमधल्या या फाइलमधून डॉकरला हुकूम जातात. ती पोर्टेनरच्या हाती दिली की त्याच्या पानावर ॲडमिन म्हणून शिरणारा संपूर्ण संगणकाचाच मालक होतो. नवा कंटेनर काढून त्याला अख्खी डिस्क जोडणं त्याला सहज जमतं. त्यामुळे राउटरवर ९४४३ बाहेरच्या जगासाठी उघडू नका. ‘फायरवॉल लावली आहे’ यावरही विसंबू नका: डॉकरने उघडलेलं पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून जातं, आणि हे अनुभवी मंडळींनाही उशिरा कळतं. कल्याणहून पाहायचंच असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन बसवा.

सरांना ॲडमिनचा पासवर्ड देणं हे सोयीचं वाटतं आणि ते सर्रास घडतं. माझा त्याला साफ विरोध आहे. त्यांच्यासाठी साधा युजर काढा, आधी त्याला या सर्व्हरचा प्रवेश द्या आणि मग किविक्सच्या कंटेनरची मालकी त्याच्या नावे करा. त्यांना तेवढाच कंटेनर दिसेल. नावापुढचं चिन्ह हिरवं की लाल हे पाहायचं, लाल असेल तर रीस्टार्ट दाबायचं. तरीही उघडलं नाही तर ‘लॉग’वर टिचकी मारून शेवटच्या ओळींचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. कल्याणच्या माणसाला तेवढ्यावरून बहुतेक उलगडा होतो.

सगळं झाल्यावर संगणक रीतसर बंद करून पुन्हा लावा आणि कशालाही हात न लावता विकिपीडिया उघडतो का ते बघा. रास्पबेरी पाय वापरत असाल तर अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड बिघडू शकतं; त्याचा बंदोबस्त आणि बॅकअप पुढच्या लेखांकात.