उन्हाळा आणि विजेचा काटा

वर्धा जिल्ह्यांतील उन्हाळ्याची ख्याति सर्वत्र आहे. पौषांतील पहाटे दहा-बारा अंशांवर असलेला पारा वैशाखांतील दुपारीं पंचेचाळिशी ओलांडतो. हिंगणघाटच्या बाजारांत शेतकरी हिवाळ्यांत कापूस आणतो आणि उन्हाळ्याच्या तोंडीं हरभरा. दोन्ही वेळां माल विजेच्या काट्यावर चढतो. या दोन वेळचा क्विंटल एकच असतो काय, हा त्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर कांहीं अंशीं काट्याच्या पोटांतील एका लहानशा भागावर अवलंबून असतें.

हा भाग म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, अर्थात् विद्युद्दाबाचा नियामक. येणारा दाब कमीजास्त झाला तरी पुढें ठराविक दाब पुरवणें हें त्याचें काम. त्यासाठीं त्याच्याजवळ एक प्रमाणभूत दाब असतो, व बाहेर जाणारा दाब तो त्याच्याशीं सतत ताडून पाहतो. मात्र उन्हानें लांबणाऱ्या गजानें कापड मोजावें, तशी गत प्रमाणच ढळलें असतां होते.

सिलिकनच्या जोडावरील दाब दर अंशास सुमारें २ मिलिव्होल्टनें उतरतो. उलट, प्रवाहाची घनता भिन्न असलेल्या दोन जोडांच्या दाबांतील फरक उष्णतेबरोबर वाढतो. हा फरक योग्य पटीनें वाढवून पहिल्यांत मिळवला कीं घट व वाढ परस्परांस छेदतात, आणि सुमारें १.२ व्होल्टचा बराचसा स्थिर दाब हातीं येतो. जुन्या घड्याळांत पोलाद व पितळ यांचे गज जोडून लंबकाची लांबी राखीत, तशीच ही युक्ति. हिल्बिबर यांनीं हा मार्ग १९६४ मध्यें दाखवला, आणि १९७० च्या सुमारास रॉबर्ट विड्लर यांनीं तो नियामकांत उतरवला.

तरीहि थोडी चूक उरतेच. ७८०५ या सर्वपरिचित नियामकाचा ५ व्होल्टचा दाब सामान्यतः दर अंशास सुमारें १ मिलिव्होल्टनें ढळतो. ३५ अंशांच्या फरकास ३५ मिलिव्होल्ट, म्हणजे शेंकडा ०.७. काट्याचें वजन या एका दाबावरच विसंबलें, तर क्विंटलमागें ७०० ग्रॅमचा फरक पडेल! शिवाय नियामक स्वतःहि तापतो. १२ व्होल्टचे ५ करतांना ०.१ अँपियर वाहिला तर ०.७ वॅट उष्णता होते. धातूची पट्टी नसल्यास आंतील भाग हवेपेक्षां सुमारें ३५ अंशांनीं अधिक तापूं शकतो.

यावर उपाय सोपा आहे. भार सोसणाऱ्या लोडसेलला जो दाब द्यावयाचा, तोच मोजणाऱ्या मंडलासहि प्रमाण म्हणून द्यावा. दाब ढळला तरी दोन्हीकडे सारखाच ढळतो, आणि गुणोत्तर कायम राहतें. चांगल्या काट्यांची रचना अशीच असते. परंतु लोडसेलहि उष्णतेनें किंचित् बदलतो, म्हणून तपासणी चुकत नाहीं.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या नियमानुसार, काट्यावर तापमानाची मर्यादा लिहिलेली नसेल तर ती उणें १० ते अधिक ४० अंश समजावयाची. वैशाखांतील वर्धा या मर्यादेबाहेर आहे. म्हणून काटा सावलींत ठेवावा, सुरू केल्यावर कांहीं वेळ तापूं द्यावा, शून्य पाहावें, आणि शिक्का असलेलें वजन सकाळीं व भर दुपारीं ठेवून आंकडा ताडावा. दोन्ही वेळां आंकडा एकच आला, तरच शेतकऱ्याचा क्विंटल पुरा भरला.